बिनविरोध होऊ न देणारी बाई

कल्याणच्या मुरबाड रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये महिपतराव ठोंबरे यांनी माइक हातात घेतला आणि उल्हास खोरे क्रिकेट संघटनेची निवडणूक संपली, असं जाहीर करून टाकलं. अर्ज भरायची मुदत तोवर सुरूही झाली नव्हती.

"आपल्या खेळात राजकारण नको," महिपतराव म्हणाले. "म्हणून मी आणि दिपेशभाई एकत्र बसलो, चहा घेतला आणि सगळं बिनविरोध करायचं ठरवलं."

टाळ्या पडल्या. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या सदतीस क्लबांचे सेक्रेटरी तिथे जेवायला जमले होते. प्रत्येक क्लबाला एक मत. महिपतराव दोनदा नगरसेवक झालेले, इमारती बांधणारे गृहस्थ. नऊ वर्षं तेच संघटनेचे अध्यक्ष होते. आता नियमाप्रमाणे त्यांना सक्तीने घरी बसावं लागणार होतं, म्हणून त्यांनी आपला मुलगा नयन याला पुढे केलं होतं. दिपेश केणे हेही कल्याणातले बिल्डर. वर्षभर ते ठोंबऱ्यांना पाडायच्या गोष्टी करत होते. त्यांच्या वाट्याला सेक्रेटरीपद आलं, मेहुण्याला खजिनदारकी मिळाली, आणि भांडण मिटलं.

"आणि आपल्या सुझानाताई!" महिपतरावांनी पाचव्या रांगेकडे हात केला. "महिला समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव मी आत्ताच जाहीर करतो."

सुझाना मिस्किटाच्या हातात पनीर टिक्क्याची बशी होती. ती तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि उभी राहिली. त्या हॉलमध्ये मत असलेली ती एकटीच बाई होती.

"त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली?" तिने विचारलं.

"ताई, ते आपण नंतर निवांत बसून बोलू."

"मी उभीच आहे. आत्ताच बोलून टाकू या. तीन वर्षं मुलींची लीग झालेली नाही. कधी मैदान नाही, कधी अंपायर नाहीत, कधी तुमचा सत्कार मध्ये येतो. नयन, तू आपल्या मैदानावरची शेवटची मॅच कधी बघितलीस रे?"

नयन तिशीचा, टापटिपीचा, तसा सभ्य मुलगा. तो हसून म्हणाला, "आंटी, मी टीव्हीवर सगळं फॉलो करतो."

हॉलमध्ये खसखस पिकली. महिपतरावही हसले. आणि सुझानाच्या तोंडून निघून गेलं, "मग अध्यक्षपदाला मी उभी राहते."

आधी कोणालाच काही उमगलं नाही. मग मघाशी हसले होते त्याच्या दुप्पट लोक हसले.

सुझानाचं हे असंच होतं. बोलून झाल्यावर ती विचार करायची, आणि विचार करून झाला तरी बोललेलं मागे घ्यायची नाही.

ती जन्मली वर्तकनगरच्या पलीकडे, येऊरच्या डोंगराखालच्या एका गावठाणात. आता तिथे टॉवर उभे आहेत. तेव्हा तिच्या वडिलांची भातखाचरं होती. कापणी होऊन खाचरं सुकली की नाताळपर्यंत तिथे चुलत-मावस भावांचं क्रिकेट चालायचं. भेगाळलेल्या त्या जमिनीवर चेंडू कुठूनही कुठेही वळायचा. सुझानाला बॅट कोणी देत नसे, म्हणून ती बॉलिंग टाकायला शिकली. तिच्या ऑफस्पिनपुढे भाऊ भराभर आउट व्हायला लागले तेव्हा तिचा मामा कॉस्मास याने तिला आपल्या येऊर स्पोर्ट्स क्लबच्या नेटमध्ये नेलं. त्यावरून आईने मामाशी आठवडाभर अबोला धरला होता.

एकोणिसाव्या वर्षी तिची राज्याच्या महिला संघात निवड झाली. त्या काळी मुली विनारिझर्वेशन जायच्या, शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायच्या आणि आपले पांढरे कपडे आपणच शिवायच्या. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पण एका दौऱ्यावर मॅनेजरनी फर्मान काढलं की रात्री संघटनेचे पदाधिकारी जेवायला येणार आहेत, तर मुलींनी वाढायला उभं राहायचं. बाकीच्या मुली खाली बघत उठल्या. सुझाना म्हणाली, "मी बॉलिंग टाकायला आलेय, ताटं वाढायला नाही."

दुसऱ्या दिवशी ती संघात नव्हती. त्यानंतरही कधी नव्हती.

त्याचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही. कित्येक महिने तिने चेंडूला हात लावला नाही. रेडिओवर कॉमेंट्री लागली की उठून बाहेर जायची. पण आपलं चुकलं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही. पुढे ती ठाण्यातल्या एका शाळेत पीटीची शिक्षिका झाली, लग्न झालं, टान्या झाली. कॉस्मासमामा गेला आणि येऊर क्लबच्या पुरुषांचा संघ पांगला. कोणी मीरा रोडला राहायला गेलं, कोणाचे गुडघे गेले. क्लब बंद पडणार असं सगळे धरून चालले होते, तेव्हा सुझाना सेक्रेटरी झाली आणि तिने त्यात मुली भरल्या. वर्तकनगरच्या, कळव्याच्या, थेट डोंबिवलीच्या मानपाड्याहून येणाऱ्या. ठाण्यात अर्ध्या लोकांना तिचं नावच माहीत नव्हतं. सगळे तिला 'मिस' म्हणायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. रॉड्नी एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो पेपर वाचत होता.

"तू परत काहीतरी बोललीस ना?"

"हो."

"काय?"

"अध्यक्षपदाला उभी राहते म्हटलं."

"कसल्या? सोसायटीच्या?"

"क्रिकेट संघटनेच्या."

रॉड्नीने पेपरची नीट घडी केली. "सोसायटीचं तरी जमलं असतं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "स्कूटरचं सर्व्हिसिंग करून आणतो उद्या. फिरावं लागेल तुला."

अर्जाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक व्हायला विठ्ठलवाडीच्या क्लबचे सेक्रेटरी सहदेव घुले तयार झाले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात युनियनमध्ये काढली होती. निवडणूक म्हटली की म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरायचं.

"सुझानाबाई, हरणार आपण," ते पहिल्यांदा हेच म्हणाले.

"माहितेय."

"मग सही करतो. जिंकणार म्हणाला असतात तर मी नाही म्हणणार होतो. ती माणसं शेवटच्या दिवशी घात करतात."

अनुमोदक शोधताना मात्र दमछाक झाली. ज्या सेक्रेटरींच्या मुली सुझानाकडे शिकून गेल्या होत्या, त्यांचेही फोन लागेनात. शेवटी मानपाड्याचा सुदेश पाताडे हो म्हणाला. त्याची एमआयडीसीत लहानशी वर्कशॉप होती, स्लायडिंग खिडक्या बनवायची. स्वतःचा क्लब तो हौसेने चालवायचा. त्याची मुलगी सान्वी डावखुरी सलामीची बॅट्समन, गेली चार वर्षं सुझानाच्या हाताखाली. सुदेशने सान्वीसमोरच सही केली आणि म्हणाला, "मिस, तुम्ही हिच्यासाठी एवढं करता, मला एक सही जड आहे का?"

सही जड होती, हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

आधी, मुली सराव करायच्या त्या वर्तकनगरच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. 'हिरवळीच्या देखभालीसाठी बंद.' त्या मैदानावर हिरवळ अशी नव्हतीच, नुसती लाल माती होती. सुझानाने मुलींना सरळ चर्चच्या आवारात नेलं. फादरनी उत्साहाने परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सान्वीच्या पुल शॉटने त्यांच्या स्कूटरचा आरसा फुटला, तरी त्यांनी स्कूटर तेवढी मागे नेऊन लावली.

मग महिपतरावांचा ड्रायव्हर एक मोठा खोका घेऊन दारात आला. आत काजूकतली आणि जांभळी पैठणी. सुझानाने पैठणी उलगडून पाहिली, कारण ती खरंच सुंदर होती. पुन्हा घडी घातली.

"साहेबांना सांग," ती ड्रायव्हरला म्हणाली, "मुलींना हेल्मेटं कमी पडतायत. साडी डोक्याला गुंडाळून बॅटिंग करता येत नाही."

"मॅडम, मिठाई तरी ठेवा."

"मिठाई तू घरी ने. तुझ्या पोरांना दे."

अर्जांच्या छाननीच्या दिवशी संघटनेच्या ऑफिसात गर्दी होती. निवडणूक अधिकारी म्हणून सप्रेसाहेब नावाचे एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. महिपतरावांच्या वकिलांनी हरकत घेतली, की येऊर स्पोर्ट्स क्लब हा निष्क्रिय क्लब आहे. तीन वर्षांत त्याने एकही सामना खेळलेला नाही, सबब त्याला मत नाही आणि त्याच्या सेक्रेटरीला उभं राहायचा हक्क नाही.

"एकही नाही?" सुझाना ताडकन उठली. "गेल्या वर्षी माझ्या मुली अंबरनाथला खेळल्या, उल्हासनगरला खेळल्या. लीग तुम्ही घेत नाही, म्हणून आम्ही आमच्या आमच्यात खेळतो. अंपायर तुमचे, नियम तुमचे, बॉलसुद्धा तुम्हीच ठरवून दिलेल्या दुकानातला."

"ते सामने नव्हेत," वकील शांतपणे म्हणाले. "संघटनेच्या दृष्टीने ते उपक्रम आहेत."

"उपक्रम?"

"मुलींच्या प्रोत्साहनासाठीचे."

सुझानाचा चेहरा लाल झाला. सहदेवभाऊंनी तिची बाही ओढली, पण ती ऐकणारी नव्हती. "माझ्या रेश्माचं बोट मोडलं अंबरनाथला. ते काय प्रोत्साहनाने मोडलं? धावा काढल्या, विकेट पडल्या, आम्ही हरलो आणि रडलोसुद्धा. मॅच नव्हती तर मग आम्ही हरलो कशात?"

खोलीत कोणीतरी हसलं, आणि या वेळी ते हसणं तिच्यावर नव्हतं. सप्रेसाहेबांनी चष्मा पुसला. क्लबचं नाव मतदार यादीत आहे आणि यादी संघटनेनेच मंजूर केली आहे, तेव्हा ही हरकत फेटाळतो, असं त्यांनी सांगितलं.

पण वकिलांकडे दुसरी हरकत होती. अनुमोदक सुदेश पाताडे यांनी कळवलं होतं की अर्जावरची सही त्यांची नाही.

सुझाना खाली बसली.

"नुसतं कळवून चालणार नाही," सप्रेसाहेब म्हणाले. "ते उद्या दुपारी बारापर्यंत समक्ष येऊन सांगतील तर अर्ज बाद होईल."

ती तशीच रिक्षा करून मानपाड्याला गेली. वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियम कापायचं मशीन चालू होतं, कान फाटतील असा आवाज. तिला दारात बघून सुदेशने ते बंद केलं. दोन कामगार होते, त्यांना त्याने चहाला पाठवलं.

"मिस, बसा ना."

"नको. तू काय केलंस ते मला कळलंय."

सुदेशने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "माझं निम्म्याहून जास्त काम दिपेशभाईंच्या बिल्डिंगींचं आहे. त्यांचा माणूस आलेला. म्हणाला, खिडक्या दुसरीकडून पण मिळतात. मी घाबरलेलो, मिस. हे दोघं आहेत कामाला, ह्यांची पण घरं आहेत."

"घाबरलास त्याचा मला राग नाही. मीपण घाबरलेय. रात्रभर मला झोप नसते."

"तुम्ही?"

"मग काय! रॉड्नीला विचार." तिचा आवाज खाली आला. "पण सुदेश, सही खोटी म्हणजे मी खोटी. मी तुझ्या नावाने लबाडी केली असा त्याचा अर्थ होतो. तुला अर्ज बाद करायचाय ना, कर. पण उद्या ये, सगळ्यांसमोर माझ्याकडे बघ आणि तोंडाने सांग, की ह्या बाईने माझी खोटी सही केली. घरात बसून कागद पाठवू नकोस."

परतीच्या वाटेवर सुझानाला वाटलं, आपण फार बोललो. त्या माणसाच्या पोटावर पाय येतोय आणि आपण त्याला मानापमान सांगून आलो. मागे फिरून त्याला म्हणावं का, जाऊ दे रे, राहू दे? रिक्षा पत्रीपुलापर्यंत आली तरी तिचं ठरेना. ती फिरली नाही, पण घरी जाऊन जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला थोडाच अवकाश असताना सुदेश आला. दिपेश केणे स्वतः खोलीत होते. त्यांनी त्याला हात करून आपल्या शेजारची खुर्ची दाखवली. सुदेश बसला नाही. तो सुझानाकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे.

"पाताडे, ही सही तुमची आहे का?" सप्रेसाहेबांनी विचारलं.

"माझीच आहे साहेब," सुदेश म्हणाला. मग आवाज चढवून पुन्हा, "माझीच आहे. कालचं पत्र मी घाबरून दिलेलं."

केणे उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी सुदेशच्या खांद्यावर हळूच थाप मारली. त्याच महिन्यात त्यांच्या बिल्डिंगींचं सुदेशचं काम बंद झालं.

पण निवडणूक लागली. बिनविरोध मोडलं.

सुझाना आणि सहदेवभाऊ क्लबा-क्लबाला फिरले. कधी रॉड्नीच्या स्कूटरवर, कधी रिक्षाने. कोणी चहा पाजला, कोणी दार अर्धवट उघडून बोलला. दिव्याच्या क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मनाने आम्ही तुमच्याबरोबर आहोत." सहदेवभाऊंनी तिथल्या तिथे विचारलं, "आणि हाताने?" टान्याचा पुण्याहून रोज फोन यायचा. "मम्मी, ह्या वयात कशाला हे?" सुझाना म्हणायची, "ह्या वयात माझं कोण काय वाकडं करणार, म्हणून."

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचे फोन बंद. महिपतरावांनी बाकीच्या सगळ्या सेक्रेटरींना दोन बसमध्ये घालून मुरबाडच्या पुढच्या एका रिसॉर्टवर नेलं होतं. तिथून उद्या थेट मतदानाला आणायचं, मध्ये कोणाला भेटू द्यायचं नाही, असा बेत.

"संपलं," सहदेवभाऊ म्हणाले. "आम्ही युनियनमध्ये असेच पळवायचो."

"रिसॉर्ट कुठलाय माहितेय?"

"माहितेय. का?"

"मग चला."

रिक्षावाला मुरबाडच्या पुढे यायला कुरकुरत होता, पण आला. फाटकावर वॉचमनने अडवलं. "लिस्टमध्ये नाव आहे का?"

"मतदार यादीत आहे," सुझाना म्हणाली आणि आत चालायला लागली. वॉचमन मागे धावला, पण साठीच्या बाईला हात कसा लावायचा, ते त्याला कळेना.

ऊन चांगलं तापलं होतं. संघटनेचे बहुतेक मतदार पोहण्याच्या तलावात होते. चड्ड्या घातलेले, पोटं सुटलेले, हातात सरबतं आणि आणखी काय काय. सुझानाला बघून निम्मे लोक गळ्यापर्यंत पाण्यात गेले. तिने काठावरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"बाहेर यायची गरज नाही. पाण्यातूनच ऐका," ती म्हणाली. "मी उद्या हरणार आहे असं तुम्ही सगळे म्हणता. हरेन. पण तुम्हाला इथे आणून ठेवलंय ते कशासाठी? जिंकणार याची खात्री असती तर तुमच्यासाठी दोन बस कोणी केल्या असत्या? तुमच्या क्लबांना रोलर नाही, तुमच्या पोरांना नेट नाही, संघ निवडताना तुम्हाला विचारत नाहीत. तुम्ही मत दिलंच नाही तर कोण कशाला विचारेल? नऊ वर्षं कोणी मत दिलेलं नाही इथे. मला देऊ नका हवं तर. पण उद्या पडद्याआड एकटे असाल, तेव्हा तेवढा वेळ तरी स्वतःच्या क्लबचं मत द्या."

नयन धावत आला होता. ओल्या फरशीवरून घसरता घसरता सावरला. "आंटी, हे बरोबर नाही. ही प्रायव्हेट ट्रिप आहे."

"झालं माझं," सुझाना म्हणाली. "पाणी मिळेल का प्यायला? लांबून आलेय."

आणि नयनने, काय वाटलं कोण जाणे, स्वतः जाऊन तिच्यासाठी आणि सहदेवभाऊंसाठी थंड पाण्याच्या बाटल्या आणल्या.

मतदान कल्याणातल्या एका शाळेच्या सभागृहात झालं. दोन्ही बस फाटकाशी लागल्या, सगळे रांगेत उतरले आणि कोणी सुझानाकडे बघेना. मोजणीला फार वेळ लागला नाही. सप्रेसाहेबांनी वाचून दाखवलं: नयन ठोंबरे एकवीस, सुझाना मिस्किटा पंधरा, एक मत बाद.

फटाके आधीच आणलेले होते, ते बाहेर वाजायला लागले. पण सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. महिपतरावांनी तो आकडा पुन्हा विचारला. तीन मतं धरली होती त्यांनी, सुझाना, सहदेव आणि सुदेश यांची. उरलेले बारा लोक कोण? रिसॉर्टवर त्यांचं जेवण जेवून, त्यांच्या बसमधून येऊन, बारा जणांनी ह्या बाईला मत दिलं होतं. महिपतराव एकेका चेहऱ्याकडे बघत होते आणि प्रत्येक जण निरागस चेहऱ्याने छताकडे.

सुझानाला रडू येत होतं. जिंकणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही, मोजणी चालू असताना मध्येच कधीतरी तिला आशा लागली होती. रॉड्नी मागच्या बाकावर होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "पंधरा जास्त आहेत गं. मी सहा धरलेले." तेव्हा ती हसली आणि तिला एकदम काहीतरी आठवलं.

"सहदेवभाऊ, विशेष सभा बोलवायला किती क्लब लागतात?"

"एक तृतीयांश. तेरा." सहदेवभाऊंचे डोळे चमकले. "तेरा जणांनी सही केली की अध्यक्षाला सभा घ्यावीच लागते."

तिने तिथेच एका कोऱ्या कागदावर मागणी लिहिली. मुलींचे सामने हे सामनेच धरावेत, आणि मुलींची लीग दरवर्षी व्हावी. मग सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिली. बाहेर पडायला तेवढं एकच दार होतं.

"पंधरा जणांनी मला मत दिलंय," ती मोठ्याने म्हणाली. "ते गुप्त होतं, ठीक आहे. हे उघड आहे. ज्याला करायची त्याने सही करा."

सुदेश पहिला पुढे आला. त्याच्याकडे गमवायला आता काही उरलं नव्हतं. सहदेवभाऊंनी केली, सुझानाची स्वतःची झाली. लोक तिच्या बाजूने अंग चोरून निघून जाऊ लागले. मग दिव्याचे ते सेक्रेटरी आले, मनाने बरोबर असलेले. कागद घेतला, सही केली आणि सहदेवभाऊंना म्हणाले, "घ्या, हाताने."

त्या दिवशी आठ सह्या झाल्या. उरलेल्या पाचांसाठी सुझाना दोन महिने फिरली. एकाने चार वेळा बोलावून चारही वेळा परत पाठवलं. शहाडच्या एकाने बायकोच्या दबावाखाली सही केली, कारण बायको शाळेत असताना सुझानाची विद्यार्थिनी होती. तेरावी सही बदलापूरच्या एका तरुण सेक्रेटरीने केली. तो महिपतरावांच्याच पैशांनी चालणाऱ्या क्लबचा होता. "साहेबांना कळलं की काय होईल ते होईल," तो म्हणाला. त्या पंधरांतलं एक मत तुझं होतं का, असं तिने त्याला विचारलं नाही.

जानेवारीत विशेष सभा झाली. अध्यक्षांच्या खुर्चीत नयन होता आणि मागच्या रांगेत 'निमंत्रित' म्हणून महिपतराव. ठराव वाचला गेला. हात वर होऊ लागले. तेरा, सोळा, अठरा, आणि मग सत्तेचं गणित ओळखणाऱ्यांचे भराभर सगळे. शेवटी नयननेही वर केला. वडिलांकडे न बघता.

सभा संपल्यावर महिपतराव हसत तिच्याजवळ आले. "ताई, मानलं तुम्हाला. पुढच्या वेळी आमच्या पॅनलमध्ये या. उपाध्यक्ष करतो."

"पुढच्या वेळी तुम्हाला माझ्या पॅनलमध्ये घ्यायचं का, ते बघू," सुझाना म्हणाली. "सहदेवभाऊंना विचारून कळवते."

फेब्रुवारीत आठ संघांची लीग सुरू झाली. सान्वी पहिल्याच सामन्यात चार धावांवर आउट झाली आणि सुझानाने तिला सगळ्यांदेखत झापलं. सुदेशला तळोज्याच्या बाजूला नवी कामं मिळाली आहेत. पूर्वीइतकी नाहीत, पण दोन्ही कामगार अजून त्याच्याकडेच आहेत.

पुढची निवडणूक लांब आहे. सुझाना आणि सहदेव घुले दर शनिवारी एकेका क्लबाला जातात, मैदानाच्या कडेला बसून सामना बघतात, सेक्रेटरीबरोबर चहा पितात. कशासाठी आलात, असं कोणी विचारलं तर सुझाना सरळ सांगते, "मत मागायला."